कुत्र्याच्या डोळ्यात चिपडं: घरी थांबायचं कधी आणि दवाखाना गाठायचा कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बर्फी, पाच वर्षांची शिह त्झू. आठवडाभर डाव्या डोळ्यातून चिपडं येतायत. आधी पांढरट, चिकट होती, आता पिवळी-हिरवी झालीत आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. मेडिकलमधून माणसांचे थेंब आणून घातले, दोन दिवस छान वाटलं, मग पुन्हा तेच, उलट जरा जास्तच. गावात सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, पण तिथे सगळ्या गाई-म्हशी. कुत्र्यांचे डॉक्टर चाळीस किलोमीटरवर. हिरवी चिपडं म्हणजे धोका का, अजून चार दिवस थांबलं तर चालेल का, आणि घरातल्या गावठी पिल्लाला किंवा लहान मुलीला लागण होईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

सरळ उत्तर आधी देतो. चार दिवस थांबू नका, उद्या दाखवा. ते थेंब आत्ताच बंद करा. आणि डोळा मिटून घेत असेल किंवा बुबुळावर निळसर-पांढुरकं काही दिसत असेल तर उद्याचीही वाट बघू नका.

आता हे कशावरून म्हणतोय ते सांगतो.

माणसांच्या डोळे येण्याच्या साथीची आपल्याला इतकी सवय आहे की कुत्र्याचा डोळा चिपडला की तेच झालं असं वाटतं. कुठून तरी जंतू आले, थेंब घातले, चार दिवसांत गेले. कुत्र्यांत नुसते जंतू येऊन डोळा बिघडला असं क्वचित होतं. बहुतेक वेळा आधी काहीतरी दुसरं बिनसलेलं असतं आणि जंतू नंतर त्याचा फायदा घेतात. अश्रू कमी पडलेले असतात, पापणीचा केस आत घासत असतो, बुबुळावर ओरखडा असतो, तिसऱ्या पापणीमागे (नाकाकडच्या कोपऱ्यातून वर सरकणारा कुत्र्यांच्या डोळ्यातला पडदा) कुसळ अडकलेलं असतं, अश्रूंची नळी तुंबलेली असते, डोळ्याच्या आत सूज असते किंवा दाब वाढलेला असतो. कधी तर आजार अंगात असतो आणि डोळ्यात त्याची फक्त पहिली खूण दिसते. म्हणून ‘कोणते थेंब घालू’ हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवावं लागतं की हा डोळा गळतोय कशाने.

चिपडांच्या रंगाला अर्थच नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी करडी-तपकिरी खपली, पुसली की दिवसभर काही नाही, हे नेहमीचंच. पाण्यासारखं पातळ गळत असेल तर डोळ्याला काहीतरी टोचतंय किंवा अश्रूंना नाकाकडे जायची वाट मिळत नाहीये. पांढरट, तार सुटणारं, बुबुळाला चिकटून बसणारं असेल तर मी आधी अश्रू कमी पडतायत का ते मोजतो. पिवळं-हिरवं म्हणजे तिथे पू आहे, पांढऱ्या पेशी आणि जंतू आलेत. पण बिघाड किती खोलवर गेलाय ते रंग सांगत नाही. हिरव्या चिपडांनी माखलेल्या डोळ्याचं बुबुळ खाली अगदी शाबूत निघतं, आणि नुसतं स्वच्छ पाणी गळणाऱ्या डोळ्यात काचबिंदू निघतो, म्हणजे डोळ्यातला दाब वाढलेला, ज्यात नजर दोन दिवसांत जाऊ शकते. फोनवर रंगाचं वर्णन ऐकून मी ‘थांबा’ म्हणत नाही ते यामुळे.

मग बघायचं काय? आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा. बर्फीला खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली बसवा, चिपडं ओल्या मऊ कापडाने हलकेच काढा आणि दोन्ही डोळे शेजारी शेजारी बघा. चांगल्या डोळ्याशी तुलना केल्याशिवाय बारीक फरक कळत नाही.

आधी डोळा किती उघडा आहे ते बघा. किलकिला करत असेल, सारखा मिचकावत असेल, पंजाने किंवा सोफ्याला घासत असेल तर तो दुखतोय. कुत्रं दुखतंय म्हणून रडत बसत नाही. ते जेवतं, शेपूट हलवतं, चेंडूमागे पळतं आणि मालक म्हणतात, ‘तसं त्याला काही नाही हो.’ डोळा अर्धवट मिटलाय ना, मग आहे. फक्त शिह त्झू, पग, ल्हासा, बुलडॉग या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या बुबुळाची संवेदना मुळातच कमी असते, त्यामुळे बरीच मोठी जखम असूनही ती डोळा नीट उघडा ठेवू शकतात. लॅब्रेडॉरने डोळा उघडा ठेवला तर मला जेवढा धीर येतो तेवढा पगने ठेवला तर येत नाही.

मग बुबुळ बघा. खिडकीचं किंवा ट्यूबचं प्रतिबिंब बुबुळावर पडतं, ते चांगल्या डोळ्यात कसं काठोकाठ स्पष्ट असतं ते बघून घ्या. दुसऱ्या डोळ्यात ते तुटक, विरलेलं, मळकट दिसलं तर वरचा पृष्ठभाग कोरडा पडलाय किंवा सोललाय. निळसर झाक, पांढरा ठिपका, खळगा, पिवळट मऊ भाग यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच तपासणी थांबवा आणि गाडी काढा. जुनी माणसं याला ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणून सोडून देत. फूल म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेचा वण, पण तुम्हाला आज दिसतंय ती कदाचित चालू जखम असेल.

पांढऱ्या भागाची लाली आणि बाहुलीचा आकारही बघा. एका डोळ्याची बाहुली मोठी, डोळा लाल, बुबुळ धुरकट असं एकत्र दिसलं तर दाब वाढल्याचा संशय घ्यायचा. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो, त्याच्या बराच वर गेला की मागची नस दबते. बाहुली उलट दुसऱ्यापेक्षा बारीक झाली असेल तर डोळ्याच्या आत सूज असू शकते. शेवटी एक सोपा खेळ: चांगला डोळा हाताने झाका आणि समोर कापसाचा बोळा वरून सोडा. कापूस पडताना आवाज येत नाही, त्यामुळे नजर असेल तरच कुत्रं त्याच्याकडे बघतं. एकदा नाही बघितलं तर घाबरू नका, बर्फीला कापसात रस नसेल. दोनतीनदा करा.

एक डोळा की दोन, यालाही महत्त्व आहे. एकाच डोळ्याला त्रास असेल तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असतं. दोन्ही एकदम गळायला लागले तर ॲलर्जी, कोरडेपणा किंवा अंगातला आजार आठवायचा. पण कोरडेपणा पुष्कळदा एका डोळ्यात आधी उघड होतो, दुसऱ्यात मागाहून, म्हणून बर्फीचा एकच डोळा चिपडलाय यावरून मी तो वगळत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबलो ती: ‘दोन दिवस छान वाटलं, मग पुन्हा तेच.’ याचे दोन अर्थ होऊ शकतात, आणि कुठला ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

खोका शोधून काढा आणि घटक वाचा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, डिफ्लुप्रेडनेट यांपैकी काही आहे का? नावाच्या शेवटी डी, डीएम, डीएक्स अशी अक्षरं असली तर बहुधा असतंच. ही सगळी स्टेरॉइडं. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असलेले थेंब चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, आणि त्यांनी दोन दिवसांत लाली उतरते, सूज उतरते, पाणी थांबतं. पण खाली बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, जंतूंना मोकळीक देतं आणि बुबुळ विरघळवणाऱ्या रसायनांना जोर चढतो. बुबुळाचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड. तो विरघळायला लागला की एका दिवसात आरपार भोक पडू शकतं. बाहेरून डोळा निवळलेला दिसत असताना आत हे चालू असतं, म्हणून मी या थेंबांना इतका घाबरतो. लाली घालवणारे केटोरोलॅकसारखे वेदनाशामक थेंबही जखम असताना नकोत, तेही भरण लांबवतात.

स्टेरॉइड वाईटच असतं असा याचा अर्थ काढू नका. डोळ्याच्या आतल्या सुजेला ते लागतं. जर्मन शेफर्डच्या बुबुळावर जो लालसर-काळा पडदा सरकत येतो त्यालाही मी स्वतः ते देतो. पण आधी जखम दाखवणारी रंगाची पट्टी (तिच्याबद्दल पुढे सांगतो) लावून जखम नाही याची खात्री करून, मग.

बाटलीत नुसतं अँटिबायोटिक असेल, म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल असं काही, तर दुसरा अर्थ. जंतू कमी झाले, पू कमी झाला, चिपडं पुन्हा पांढरी झाली, पण मूळ बिघाड जागेवरच, त्यामुळे जंतू परत आले. पाच वर्षांची शिह त्झू, आधी पांढरी तार सुटणारी चिपडं, अँटिबायोटिकने तात्पुरता आराम, हे सगळं जुळवलं तर माझा पहिला संशय कोरड्या डोळ्यावर जातो. न बघता निदान होत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या जागी मी असतो तर डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारलं असतं.

कोरडा डोळा आणि एवढी ओली चिपडं, हे पटत नाही, असं दवाखान्यात दर दुसरा मालक म्हणतो. अश्रूंचा थर तिहेरी असतो. बुबुळाला लागून बुळबुळीत थर, त्यावर पाण्याचा, आणि वरून तेलाचा पातळ पापुद्रा, ज्यामुळे पाणी लगेच उडून जात नाही. पाणी दोन ठिकाणाहून येतं: डोळ्याच्या वरची ग्रंथी आणि तिसऱ्या पापणीच्या आतली ग्रंथी. बहुतेक कुत्र्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून या ग्रंथींवर हल्ला करते. पाणी आटतं, बुळबुळीत भाग मात्र तयार होतच राहतो, आणि तो धुऊन न्यायला पाणी नसल्याने गोळा होऊन चिकटतो. पापणी मग कोरड्या काचेवरच्या वायपरसारखी दर मिचकावणीला बुबुळ खरवडत राहते. महिनोन्‌महिने असं चाललं की बुबुळ स्वतःला वाचवायला जाड होतं, त्यात रक्तवाहिन्या घुसतात, काळा रंग भरतो आणि कुत्र्याची नजर त्या काळ्या पडद्यामागे जाते. म्हातारपणामुळे दिसत नाही म्हणून आणलेल्या पगांमध्ये हा पडदा कितीदा तरी सापडतो.

तपासणी अगदी साधी आहे. टिपकागदासारखी एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि एक मिनिटात ती किती मिलिमीटर भिजते ते वाचायचं. १५ किंवा त्याहून जास्त म्हणजे ठीक. १० च्या खाली आणि सोबत बर्फीसारखी लक्षणं असली तर कोरडा डोळा. ५ च्या खाली म्हणजे चांगलाच कोरडा. ही पट्टी डोळा धुण्याआधी आणि थेंब घालण्याआधी लावावी लागते, नाहीतर बाहेरचंच पाणी मोजलं जातं. म्हणून ज्या सकाळी दवाखान्यात जाणार त्या सकाळी डोळ्यात काहीही घालू नका.

उपचार आहेत, पण चिकाटीचे. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचं मलम ग्रंथींवरचा हल्ला थोपवतं, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त, आणि बहुतेकांना ते जन्मभर चालू ठेवावं लागतं. सोबत कृत्रिम अश्रू दिवसातून अनेकदा. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणारे खूप, आणि फरक पडला म्हणून सोडणारे त्याहून जास्त. डॉक्टरांना एक सांगायला विसरू नका: बर्फीला अलीकडे जुलाबासाठी किंवा कशासाठी सल्फा गटातलं औषध दिलं होतं का. त्या औषधांनीही अश्रू आटतात.

दुसरा संशय जखमेचा. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले, झोपेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत, नाकावरच्या घडीचे केस डोळ्यात टेकतात. जखम व्हायला वेगळं कारण लागतच नाही. ती बघायला फ्लुरोसिनची केशरी पट्टी असते. तिचा रंग डोळ्यात सोडला आणि धुतला की साल गेलेली जागा हिरवीगार चमकते. वरवरची साधी जखम, कारण दूर केलं आणि जंतू येऊ दिले नाहीत तर तीन ते सात दिवसांत भरते. दुखण्याच्या बाबतीत मात्र डोळा फसवतो. बुबुळाच्या नसांची टोकं वरच्या थरात दाट असतात, म्हणून वरवरचा ओरखडा खोल जखमेपेक्षा जास्त दुखतो. काल डोळा मिटत होती, आज उघडतेय, म्हणजे बरं होतंय असं धरून चालू नका, बुबुळाचं प्रतिबिंब पुन्हा बघा. आणखी एक प्रकार मध्यम वयाच्या नि म्हाताऱ्या कुत्र्यांत दिसतो, बॉक्सरमध्ये विशेष. जखम वरवरची, पण कडेची साल खाली चिकटतच नाही. आठवड्यामागून आठवडे थेंब बदलत बसलं तरी ती भरत नाही. ती सैल साल डॉक्टरांनी खरवडून काढावी लागते.

याच रंगाने आणखी एक गोष्ट कळते. डोळ्यात सोडलेला रंग काही मिनिटांत नाकपुडीत उतरला तर अश्रूंची नळी मोकळी आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत तो मागे घशातही उतरतो, त्यामुळे नाकात नाही दिसला म्हणून नळी बंदच आहे असं नसतं.

कुठे जायचं हे आता ठरवणं सोपं आहे. गाई-म्हशींचा दवाखाना म्हणून गावातल्या डॉक्टरांना टाळू नका. बैलाच्या डोळ्यातलं वैरणीचं कुसळ आणि वासरांची पांढरी झालेली बुबुळं त्यांनी आपल्यापेक्षा जास्त बघितलेली असतात. उद्या सकाळी तिथे जा आणि विचारा, ‘फ्लुरोसिनची पट्टी आहे का?’ ती महाग नसते आणि नसली तर माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मिळून जाते. जखम निघाली तर औषध तिथेच सुरू होईल. जखम नसेल तर त्याच आठवड्यात चाळीस किलोमीटर जाऊन अश्रू मोजून घ्या, कारण ती पट्टी छोट्या दवाखान्यात नसण्याचीच शक्यता जास्त. बुबुळ विरघळतंय, दाब वाढलाय, शस्त्रक्रिया लागेल असं कुणी म्हणालं तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचाही विचार करा.

तोवर घरी एवढंच. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची छोटी बाटली आणा. गॉजचा तुकडा भिजवून खपलीवर मिनिटभर धरा, मऊ झाली की नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसा. कापूस नको, त्याचे धागे डोळ्यात राहतात. दर पुसण्याला नवीन तुकडा. गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला, आणि तो आवडत नाही म्हणून रात्री काढू नका, डोळा चोळण्याची खरी वेळ तीच. डोळ्याभोवतीचे केस वर बांधा. कापायचेच असतील तर बोथट टोकाच्या कात्रीने आणि दुसऱ्या कुणीतरी डोकं धरून, कारण अर्धवट कापलेला राठ केस लांब केसापेक्षा जास्त टोचतो. मध, गुलाबपाणी, तुरटी, हळद, काजळ, बोरिक पावडर यातलं काही घालू नका. बोरिक चाटून पोटात गेलं तर विषारी आहे. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर अजिबात नको, त्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडं जातात.

बर्फीपुरतं एवढं पुरे, पण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून थोडं पुढे लिहितो.

तासांत नव्हे, मिनिटांत हालचाल करायचे प्रसंग दोनच. पहिला, डोळ्यात चुना, फिनेल, ॲसिड किंवा रंगपंचमीचा रंग गेला. नळाच्या साध्या पाण्याने १५ ते २० मिनिटं सलग धुवा, मग निघा. आधी धुणं, नंतर फोन. चुना सगळ्यात वाईट, तो आत झिरपत जातो, आणि तंबाखूची चुन्याची डबी चघळताना पिल्लांच्या डोळ्यात तो गेल्याची उदाहरणं दुर्मीळ नाहीत. दुसरा प्रसंग, भांडणात किंवा मान आवळल्याने पग, शिह त्झूचा डोळा खोबणीबाहेर आला. आत ढकलू नका. सलाइनने ओला गॉज त्यावर ठेवा आणि पळा. या जातींना गळपट्ट्याने ओढू नये, छातीचा हार्नेस घालावा, त्यामागे हेही एक कारण आहे.

नवरात्र उलटलं की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळांचा हंगाम सुरू होतो. सकाळी ठणठणीत असलेलं कुत्रं गवतातून पळून आलं आणि एक डोळा गच्च मिटला, तर कुसळ समजूनच चालायचं. चिमट्याने ओढू नका. अर्धं तुटून तिसऱ्या पापणीमागे राहतं. भूल देणारे थेंब घालून डॉक्टर ते नीट काढतात.

नाकाकडच्या कोपऱ्यात लाल गोळा आला असेल तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर आलेली असते, चेरी आय म्हणतात ती. कापून टाकायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अश्रूंचा मोठा वाटा तिथून येतो आणि ती कापलेली कुत्री पुढे पुष्कळदा कोरड्या डोळ्याची होतात. ती आत शिवून बसवायची असते. डोळ्याच्या खाली गालावर सूज आणि त्या बाजूचा डोळा गळतोय, असं मोठ्या कुत्र्यात दिसलं तर वरची दाढ बघून घ्या, मुळाशी पू झालेला असू शकतो. डोळे लाल, अंगावर गोचीड, ताप, जेवण कमी असं असेल तर रक्त तपासा. गोचीडतापात डोळ्याच्या आत सूज येते, रक्तही उतरतं, तिथे थेंबांनी भागत नाही. आणि पांढऱ्या कुत्र्यांच्या डोळ्याखालचे तपकिरी डाग हा आजार नाही. अश्रूंतल्या एका लोहयुक्त रंगद्रव्याने केस रंगतात. डोळा उघडा, स्वच्छ, न दुखणारा असेल तर रोज पुसून कोरडं ठेवा आणि ते घालवायच्या पावडरींवर पैसे घालू नका. तसंच डोळा पूर्ण उघडा, बुबुळ लखलखीत, थोडं पातळ पाणी, धूळ-वारा झाल्याचं माहीत आहे, असा एखादा दिवस घरी थांबायला माझी हरकत नाही. चोवीस तासांत कमी झालं नाही की मात्र दाखवायचं.

राहिला लागणीचा प्रश्न. कोरडा डोळा आणि बुबुळाची जखम कुणाला लागत नाहीत, पिल्लाला नाही आणि मुलीलाही नाही. डोळा पुसल्यावर साबणाने हात धुवा आणि मुलीला काही दिवस बर्फीच्या तोंडाला तोंड लावू देऊ नका, एवढी काळजी पुष्कळ.

मला बर्फीपेक्षा काळजी त्या गावठी पिल्लाची वाटते. चार महिन्यांचं आहे आणि लस झाली की नाही माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याचे दोन्ही डोळे चिपडले, नाकातून शेंबूड, खोकला, ताप, जुलाब असं काही सुरू झालं तर तो डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. पुढे पायाला झटके येतात, आणि त्या टप्प्यावर आमच्या हातात फार काही उरत नाही. माणसांना तो होत नाही, पण कुत्र्यांमध्ये शिंका-खोकल्यातून झपाट्याने पसरतो. पिल्लांची ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात. तुमचं पिल्लू त्या वयाला पोचलंय, तेव्हा त्याला सहसा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, आणि रेबीजची लस वेगळी. आज ते ठणठणीत असेल तर उद्या बर्फीबरोबर त्यालाही न्या आणि तपासून लस सुरू करा. बर्फीची वार्षिक लस कधी झाली तेही कार्डावर बघून घ्या. पिल्लाला खोकला किंवा ताप असेल तर त्याला दवाखान्याच्या बाकावर इतर कुत्र्यांत बसवू नका. गाडीतच ठेवा आणि डॉक्टरांना बाहेर येऊन बघायला सांगा.